ऐनवेळचे विषय

आमच्या ह्यांना काढल्याचं पत्र साडेतीन ओळींचं होतं, त्यातली अर्धी ओळ ‘कळावे’ म्हणण्यात गेलेली. कारण कुठेच नव्हतं. बावीस वर्षं ह्यांनी ज्या रुग्णालयाचा कारभार पाहिला, त्याच्या विश्वस्त मंडळाला ते द्यावं लागतही नव्हतं. नेमणुकीच्या कागदावरच लिहिलं होतं, की मुख्य अधिकारी मंडळाची मर्जी असेपर्यंत पदावर राहील.

सही करताना वाचलं नव्हतंत का, असं मी विचारलं. वाचलं होतं म्हणे. तेव्हा मर्जी होती.

असा हा माणूस. ह्यांच्या वाटणीचं भांडणसुद्धा मलाच करावं लागतं. कोर्टात जायचं मी ठरवलं आणि ह्यांच्या पुतणीला, ती वकील आहे, कामाला लावलं. मर्जीशी भांडता येत नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. पण रीत मोडली असेल तर भांडता येतं. सभेत येणारा प्रत्येक विषय सात दिवस आधी सूचनेत छापून पाठवायचा, असा मंडळाचाच नियम होता. ह्यांना काढायचा विषय छापलेलाच नव्हता. सभेच्या शेवटी, चहाचे कप उचलले जात असताना, तो ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून आला आणि भराभर हात वर झाले.

“सूचनेत नसलेला ठराव मुळातच रद्द, एवढं कोर्टाकडून वदवून घेऊ,” पुतणी म्हणाली. “दुसरा मुद्दा आपल्याकडे नाही, पण काकू, हा एक पुरेसा आहे.”

काढलं कशासाठी, ते सगळ्यांना माहीत होतं. नव्या अध्यक्षांना वॉर्डातल्या आयांचं काम कंत्राटदाराला द्यायचं होतं. ह्यांनी शांतपणे, तीनदा सांगितलं, की त्या बारा बायका कायम नोकरीत आहेत, त्यांना कारणाशिवाय काढता येत नाही. ह्यांना येत होतं. म्हणून ह्यांना काढलं.

पुतणीने सभांच्या जुन्या वह्यांच्या प्रती मला आणून दिल्या. दोनशे चौदा पानं, कोर्टात द्यायला आकडे घालून शिवायची होती. जेवणाच्या टेबलावर मी पसारा मांडला. सगळीकडे ह्यांचं अक्षर, त्यामुळे मी वाचत वाचतच आकडे घालत होते. एकशे एकतिसाव्या पानावर हात थांबला. अकरा वर्षांपूर्वीची सभा. ‘ऐनवेळचे विषय. ठराव नऊ: वॉर्डातील बारा आयांना सेवेत कायम करण्यात येत आहे.’

त्या सभेची सूचना मी दोनदा शोधून वाचली. तिच्यात हा विषय नव्हता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी छापलं असतं तर विरोध करणारे तयारीनिशी आले असते. म्हणून नाकासमोर चालणाऱ्या ह्या माणसाने जन्मात एकदाच चलाखी केली होती, आणि तीही मंडळी उठायच्या बेतात असताना. आता आम्ही मागत होतो तो निकाल मिळाला, तर अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी हेच पान उघडून ठराव नऊही रद्द म्हणणार होते.

मी ते पान फळांच्या टोपलीखाली सरकवलं. खरं सांगते, बारा बायकांचं बारा बायका बघून घेतील, असं तासभर माझ्या मनात होतं. चार महिने हे सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होत होते आणि मग कुठेच जायचं नसल्यामुळे पेपर घेऊन बसत होते. मला ते बघवत नव्हतं.

दुपारी हे चहाला आले. पसाऱ्याकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“ठराव नऊ सापडला वाटतं,” म्हणाले.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मीच लिहिलाय ना.”

मग माझा पारा चढला. चार महिने मूग गिळून का बसलात, मला येड्यासारखं धावायला का लावलंत, असं बरंच बोलले. हे कपाचा कान धरून बसले होते.

“माझ्यासाठी एवढं कोणी कधी भांडलं नव्हतं गं,” हे म्हणाले. “थोडे दिवस बरं वाटलं. निकालापर्यंत जाऊ देणार नव्हतो.”

मी रडले. मग तोंड धुऊन पुतणीला फोन लावला. तिने ठराव नऊ मला दोनदा वाचायला लावला. शेवटी म्हणाली, केस मागे घ्यायचा अर्ज एकच पान असतो.

अर्ज द्यायच्या दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डातली सगळ्यात जुनी आया कोर्टात येऊन मागच्या बाकावर बसली होती. बारा जणींतली ती एक. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं, साहेबांना धीर द्यायला म्हणून आली होती. न्यायाधीशांनी विचारलं, केस मागे का घेताय? पुतणीने ह्यांच्याकडे पाहिलं. हे उठून उभे राहिले.

“कारण द्यायलाच हवं का, साहेब?”

न्यायाधीशांनी कागद खालीवर केला आणि गरज नाही म्हणाले. पलीकडे अध्यक्ष हसले. हसोत बापडे. मला माझ्या नवऱ्याचा इतका अभिमान लग्नाच्या दिवशीही वाटला नव्हता.

जिन्यात आयाबाईंनी मला गाठलं. गळ्यात रुग्णालयाचं ओळखपत्र होतं, त्यातला फोटो पार पुसट झालेला.

“वहिनी, आपण हरलो का हो?”

“नाही,” मी म्हटलं. “तुमची ड्यूटी कितीची?”

“दोनची.”

“मग निघा बघू.”

त्या कठड्याला धरून भराभर उतरल्या. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि सवयीने मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

“पोचतील वेळेत,” म्हणाले.