पाकिटातली चाल

सकाळी अकराला कॉम्रेड कार्दोश कॉफीहाउसात येऊन लोरांत सिल्वाईसमोर बसला, तेव्हाच लोरांतने हातातला कप खाली ठेवला. बुद्धिबळ संघाचा हा सचिव सहज म्हणून कुणाकडे बसत नसे.

"मॉस्कोचे पाहुणे आहेत," कार्दोश म्हणाला. "हरवलंत तर त्यांचा अपमान. हरलात तर लोक म्हणतील, मुद्दाम हरलात. बरोबरी कशी, सगळ्यांनाच गोड! तुमच्या मेहुण्याची फाइल माझ्या मित्राच्या टेबलावर आहे बरं का. गेझाच ना नाव?"

लोरांतच्या बायकोचा, पिरोश्काचा, हा एकुलता भाऊ. आठ महिन्यांपासून कैद्यांच्या छावणीत होता.

पाहुण्याबरोबरचा डाव काल अर्धवट राहिला होता आणि रिवाजाप्रमाणे लोरांतने पुढची चाल लिहून, पाकीट चिकटवून पंचाच्या हवाली केलं होतं. ती आता देवालाही बदलता आली नसती. आणि या शूर गड्याने लिहिलं काय होतं? हत्तीचा बळी! वीस वर्षं तो असाच खेळत आला होता. मोहरे उधळायचे आणि परतीचे दोर कापून टाकायचे. त्या चालीनंतर जिंकायचं नाही तर मरायचं, मधली वाट नव्हती.

"पाकीट उघडायच्या आधीच बरोबरी माग," घरी पिरोश्का म्हणाली. "नियमात बसतं ना?"

"बसतं."

"मग तोंड काय पाडून बसलायस? माझा भाऊ आहे तो, लाकडाचा हत्ती नाही!"

चार वाजता पटापाशी बसताच लोरांतने मोडक्यातोडक्या रशियनमध्ये बरोबरी मागितली. पाहुण्या आर्सेन्येवने नकारार्थी मान हलवली. त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

"मला जिंकूनच या म्हणून सांगितलंय," तो पुटपुटला. "घरी दोन मुली आहेत हो."

पंचाने पाकीट फाडलं, हत्ती पुढे सरकवला. प्रेक्षक उभे राहिले. लोरांतला मात्र स्वतःच्याच चालीची भीती वाटली, आयुष्यात पहिल्यांदा.

आर्सेन्येव चाळीस मिनिटं पटाकडे बघत राहिला. हरण्यातून सुटका नाही, हे त्यालाही कळलं.

"मघाची बरोबरी... अजून देता?" त्याने हात पुढे केला.

त्याचं बोलणं संपायच्या आत लोरांतने तो हात दोन्ही हातांनी धरला.

गेझा ऑक्टोबरात घरी आला. लोरांत पुढे चौदा वर्षं स्पर्धा खेळला, पण हत्ती द्यायची वेळ आली की बोटं गार पडायची आणि तो साधी चाल करून मोकळा व्हायचा. सिल्वाईचा खेळ आता किती समंजस झालाय, असं पेपरवाले कौतुकाने लिहायचे. पिरोश्का ते पेपर त्याच्या हाती लागू न देता चुलीत घालायची.