पंधरा ऑगस्टचा फोटो

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'सुखशांती परिवार' असं आहे. त्यावर सुख नसतं आणि शांती तर मुळीच नसते. सकाळी देवांचे फोटो येतात, दुपारी पाण्याच्या टँकरवरून भांडण होतं आणि संध्याकाळी कुणाच्या कुत्र्यानं कुणाच्या फाटकापाशी काय केलं त्याचे पुरावे सादर होतात. मी वीज कचेरीतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात लेआउटचे अध्यक्ष शरच्चंद्रराव यांनी मला न विचारता त्यात घातलं. "सुमतीताई, आता तुम्हाला वेळच वेळ," म्हणाले. वेळ होता, हे खरं.

त्या मंगळवारी देवांचे फोटो अजून येतच होते, तेवढ्यात खाली एक ओळ आली. कळमेश्वरच्या एमआयडीसीत पाइप कंपनीत स्फोट. मग आलं, स्फोट नाही, गोळीबार. मग अतिरेकी आले. थोड्या वेळानं अतिरेकी गेले आणि कामगारांचा झगडा आला. एका गृहस्थांनी सर्वांनी घरातच राहावं असं कळकळीचं आवाहन केलं. कळमेश्वर आमच्या हुडकेश्वरपासून नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, पण आवाहनाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

त्या कंपनीत आमच्या लेआउटमधले दोघं जण कामाला होते. एक अपूर्व, हिशेबाच्या खात्यातला, कोपऱ्यावरच्या दुमजली बंगल्यात राहणारा. दुसरा देवराव, गेटवरचा गार्ड. तो आणि त्याची बायको पुष्पलता लेआउटच्या शेवटी, नाल्याकडच्या टिनाच्या खोलीत भाड्यानं राहत. दोघंही उमरेडकडचे. कंपनीत मागे तांब्याची चोरी झाली तेव्हापासून गेटवरच्या गार्डाजवळ दुनाळी बंदूक असे. देवराव कामावर जाताना वाटेत जो दिसेल त्याला सलाम करायचा, अगदी माझ्यासारख्या भाजीची पिशवी घेतलेल्या बाईलासुद्धा.

दोघं होते, पण ग्रुपला एकच आठवला. 'आपला अपूर्व तिथंच ना?' असं कुणीतरी लिहिलं आणि बघता बघता सगळं लेआउट अपूर्वच्या हॉलमध्ये जमलं. घरातच राहण्याचं आवाहन करणारे गृहस्थ सर्वांत आधी पोचले होते. मीही गेले. मी काही वेगळी नाही.

अपूर्वची बायको मधुवंती सोफ्यावर मोबाइल हातात धरून बसली होती. त्याचा फोन लागत नव्हता. तिला धीर द्यायला आलेल्या प्रत्येकानं आपापला मोबाइल आणला होता आणि प्रत्येक जण त्यातलं काहीतरी तिला वाचून दाखवत होता. शरच्चंद्रराव टीव्हीच्या अगदी समोर बसून बातमी देणारी बाई जे म्हणे तेच पुन्हा मोठ्यानं म्हणत होते, जणू आम्ही सगळे बहिरे. एक बाई मधुवंतीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "मनाची तयारी ठेवावी वं पोरी." मला त्यांना उठवून बाहेर घालवावंसं वाटलं, पण घर माझं नव्हतं.

चहा सारखा येत होता. ट्रे पुढं यायचा, आम्ही टीव्हीवरची नजर न काढता कप उचलायचो. पाणी प्यायला आत गेले तेव्हा कळलं की चहा पुष्पलता करत होती; ती मधुवंतीकडे घरकामाला यायची. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल दाबून ती चहा गाळत होती.

"ह्यायचा फोन नाही लागून राहिला, काकू," ती म्हणाली. "टीवीवर गेट दाखवलं का?"

नाही दाखवलं, म्हटलं. मग बाहेर सगळे जे बोलत होते त्याच जातीचं मीही एक वाक्य बोलले. "त्याला काय होतंय, त्याच्या हातात बंदूक आहे."

"बंदूक आहे म्हणूनच तं पुढं जा लागते, काकू." तिनं गाळणी आपटून चोथा टाकला आणि पुन्हा नंबर लावला.

तेवढ्यात बाहेर मधुवंती किंचाळल्यासारखी रडली. अपूर्वचा फोन आला होता, दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून. तो जिवंत होता. हिशेबाच्या खात्यात टेबलाखाली होता, आता पोलिसांनी बाहेर काढलं होतं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. हेही सांगते की दोन-तीन चेहरे जरासे उतरले. एवढं धावत आलो आणि काहीच झालं नाही, असे ते चेहरे होते.

पुष्पलता ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "वहिनी, गेटवर काय झालं तं विचारा ना जरा."

मधुवंतीनं विचारलं. फोन स्पीकरवर होता, म्हणून सगळ्यांनीच ऐकलं.

"सगळे म्हणून राहिले, गार्डनंच चालवली," अपूर्व म्हणाला. "दोघं गेले."

टेबलाखालच्या माणसाला गेट कसं दिसलं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. पुष्पलता ट्रे धरून तशीच उभी होती. शरच्चंद्ररावांनी आपला अर्धा प्यालेला चहा हळूच टीपॉयवर ठेवून दिला.

त्यानंतर हॉलमधल्या प्रत्येकाला काही ना काही आठवू लागलं. देवराव नजरेला नजर देत नसे. सलाम करायचा तोही जरा जास्तच करायचा. एकदा त्यानं एका मोटारीकडे फार वेळ पाहिलं होतं. शरच्चंद्रराव म्हणाले की भाडेकरूंची पोलीस चौकशी करून घ्या असं ते पहिल्यापासून सांगत होते, आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. पुष्पलता अजून त्याच घरात होती. ती ट्रे ठेवायला आत गेली होती, एवढंच.

शरच्चंद्ररावांचा पुतण्या विहंग चौकात फ्लेक्स छापण्याचं दुकान चालवतो. हात फार चलाख. त्यानं मोबाइलातून पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनाचा फोटो शोधून काढला. त्यात आम्ही सगळे पुढं कागदी झेंडे घेऊन उभे होतो. मागं एका कडेला खांबाजवळ देवराव होता, वर्दीत, सलाम ठोकून. दोरीची गाठ त्यालाच नीट सुटायची म्हणून त्याला बोलावलं होतं. विहंगनं आम्हा सगळ्यांना कापून टाकलं, देवरावला ठेवलं, त्याच्याभोवती जाड लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'हाच तो.' ग्रुपवरून तो फोटो कुठं कुठं गेला देव जाणे. जेवणं आटोपायच्या आत तो टीव्हीवर आला. लेआउटमधून टीव्हीवर गेलेली ही पहिलीच गोष्ट. विहंगला थोडा अभिमानही वाटला असावा.

मी पुष्पलताला तिच्या खोलीवर घेऊन गेले. मागं पंधरा-वीस माणसं आली आणि नाल्याजवळ थांबली. दार लावून घेतलं तर टिनावर एक दगड येऊन पडला. मी बाहेर जाऊन कचेरीत शिपायांवर ओरडायचे तशी ओरडले, तेव्हा ती माणसं चार पावलं मागं सरकली आणि तिथूनच मोबाइल वर धरून उभी राहिली.

तिच्या दिरानं उमरेडहून तोच फोटो पाठवून विचारलं होतं, हे खरं आहे का. तिनं मोबाइल माझ्यापुढं केला.

"काकू, ह्यायच्याभोवती हे लाल काहून काढलं?"

"ओळखू यावा म्हणून काढतात."

"मले तं ते तसेही ओळखू येतात," ती म्हणाली.

खोलीत एक पलंग, एक कूलर, खुंटीवर देवरावची दुसरी वर्दी, इस्त्री केलेली. पुष्पलता त्या वर्दीकडे पाहत होती.

"त्यायनं केलं नसन, काकू. मले माहीत आहे, त्यायनं नसन केलं." आणि थोड्या वेळानं, "पण केलं नसन, तं मग फोन काहून नाही उचलत? पोलिसायनं धरलं असन तं जिवंत आहेत. मंग ते लोक म्हणतात ते खरं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "सांगा ना काकू, मी देवाजवळ काय मागू?"

पस्तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारींना उत्तरं दिली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मनात मात्र मी मागून मोकळी झाले होते. तो जिवंत असू दे, मग त्यानं काहीही केलेलं असो. हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.

दिवे लागायच्या सुमारास पोलीस आले, एक साहेब आणि एक बाई. बाहेरची माणसं पुढं सरकली. शेवटी अटक बघायला मिळणार होती. साहेबांनी दाराशी बूट काढले. ते काढताना पाहिलं आणि मला कळलं, ते अटकेला आले नव्हते.

साहेबांनी सांगितलं, कामावरून काढलेला एक जण देशी कट्टा घेऊन आला होता. देवरावनं त्याला गेटवर अडवलं, आणि आत ओरडून सांगितलं की सगळे लपा. पहिली गोळी त्यालाच लागली. दुसरी एका सुपरवायझरला. तिसरी झाडायच्या आत कामगारांनी त्या माणसाला पकडलं. देवरावच्या बंदुकीतून गोळी सुटलीच नव्हती.

"म्हणजे त्यायनं नाही केलं," पुष्पलता म्हणाली.

"नाही बाई. त्यांच्यामुळं कितीतरी जण वाचले."

"नाही केलं," ती माझ्याकडे वळून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद आला. तो चेहरा मला आजही डोळ्यांसमोरून हलवता येत नाही. मग तो आनंद गेला आणि ती खुंटीवरची वर्दी ओढून जमिनीवर बसली.

रात्री ग्रुप उघडला तर एकाखाली एक त्याच ओळी होत्या. 'हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.' वरपासून खालपर्यंत, जणू कुणी झाडू मारला असावा. त्याखाली शरच्चंद्ररावांचा ताजा मजकूर होता. 'वीर देवराव अमर रहे. असा माणूस आपल्या लेआउटमध्ये राहत होता याचा सार्थ अभिमान. मला पहिल्यापासून खात्री होती.' खाली पुन्हा जोडलेल्या हातांची रांग. मधुवंतीनं लिहिलं होतं, 'आमच्यासाठी देवच.' ती एकदाही नाल्याकडे आली नव्हती. मी काहीतरी लिहायला घेतलं आणि खोडलं.

दुसऱ्या दिवशी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरलं. विहंगनं पैसे घेतले नाहीत, हे त्यानं दोनदा सांगितलं. फोटोसाठी मात्र अडलं. लेआउटमध्ये देवरावचा तेवढा एकच फोटो होता, आणि तोही कुणी त्याचा म्हणून काढलेला नव्हता. मूळ फोटोवरच गोल काढून ठेवल्यामुळं विहंगला तो गोल पुसत बसावं लागलं. फाटकाच्या जाळीवर फ्लेक्स चढला तेव्हा वर कमिटीतल्या सगळ्यांचे हसरे चेहरे होते, मधोमध देवराव, भोवती छापील झेंडूचा हार. पोरानं काम बरं केलं होतं. फक्त उजव्या खांद्याजवळ, खाकी कापडावर, बोटभर लाल कमान राहून गेली होती. ज्यांना माहीत होतं त्यांनाच ती दिसत होती. म्हणजे आम्हा सगळ्यांना.

पुष्पलता अंत्यविधीसाठी उमरेडला गेली ती तेरावं झाल्यावर खोली रिकामी करायला एसटीनं आली. शरच्चंद्ररावांना आधीच कुणकुण लागली होती. फाटकाशी टेबल मांडलेलं, त्यावर शाल, नारळ. मधुवंती आणि अपूर्वही आले होते. अपूर्व खाली पाहत होता. एरवी 'देवरावची बायको' म्हणणारी सगळी माणसं तिला 'पुष्पलताताई' म्हणत होती. विहंग मोबाइल धरून तयार होता. शरच्चंद्ररावांनी भाषणासाठी घसा साफ केला.

ती टेबलापाशी थांबलीच नाही. सरळ फ्लेक्ससमोर गेली. बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"काकू, हे त्याच दिवशीचं लाल आहे ना?"

मी हो म्हटलं. त्या सगळ्या दिवसांत मी तिला दिलेलं ते एक धड उत्तर.

"डिझाइन आहे ते, वहिनी," विहंग घाईघाईनं म्हणाला.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, जिभेला लावून ओलं केलं आणि देवरावच्या खांद्यावर घासायला लागली. शाळेत जाणाऱ्या पोराचा शर्ट पुसावा तशी, जपून. शरच्चंद्रराव शाल हातात धरून उभे होते. पदराचं टोक काळं झालं, झेंडूवरची धूळ निघाली, खांदा स्वच्छ झाला.

"ते छापलेलं आहे, वहिनी," विहंग हळूच म्हणाला. "निघत नाही ते."

"हाव," ती मान डोलावून म्हणाली, आणि घासत राहिली.