खंडाच्या दिवशीची खुर्ची

वहिदा शेख यांना पाठीची खुर्ची मंजूर झाली. असं काही झालेलं नाही. वाचकांनी हे वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं यावं.

वहिदा संभाजीनगरातल्या एका सरकारी कार्यालयात नऊ वर्षं दाखले टाइप करायची. कंत्राट अकरा महिन्यांचं. मग एक दिवस खंड, म्हणजे त्या दिवशी सरकार तिला ओळखत नसे. दुसऱ्या दिवशी नवा आदेश आणि जुनंच स्टूल. खुर्ची फक्त मंजूर पदाला. कंत्राटी माणसालाही कंबर असते, याचं परिपत्रक अजून निघालेलं नव्हतं. खुर्चीसाठी तिनं सात अर्ज केले होते, तेही त्याच स्टुलावर बसून.

यंदा नेमकी खंडाच्याच दिवशी तपासणी लागली. सकाळीच हेडक्लार्क तात्यासाहेबांचा फोन.

"वहिदा, निघ लवकर. तुझ्याबिगर तो कम्प्युटर कुणाचं ऐकत नाय."

"साहेब, आज मी नोकरीत नाय."

"ठावं हाय मला! हजेरीला हात लावू नको. अभ्यागत म्हणून ये."

पुंडलिकनगरातून रिक्षानं ती आली. दारात शिपाई सांडूमामांनी नोंदवही पुढं केली. कोणाला भेटायचं? तिनं लिहिलं, वहिदा शेख.

"त्या आज आलेल्या नाहीत," सांडूमामा गंभीरपणे म्हणाले. "बसा मॅडम, थांबावं लागंल."

आणि त्यांनी खुर्ची दिली. पाठीची, हातांची, वर गादी. तपासणीमुळं अभ्यागताला खुर्ची, पाणी आणि अहो-जाहो सक्तीचं होतं. वहिदानं खुर्ची कम्प्युटरपुढं ओढली आणि दाखले सुरू केले. चहा कपबशीत आला. नऊ वर्षांत बशी पहिल्यांदाच.

दुपारी तपासणीच्या मॅडम तिच्यापाशी थांबल्या. "आपलं काम कुणी अडवलं तर नाही ना?"

"नाय मॅडम. मीच करतेय."

"वा!" मॅडमनी शेरा लिहिला: लोकसहभाग उत्तम.

"आपण सरबत घेणार का?" तात्यासाहेबांनी घाम पुसत वहिदाला विचारलं.

संध्याकाळी ती उठली तेव्हा कंबरेनं ब्र काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नवा आदेश आला. "ए वहिदा, सरक तिकडं, खुर्ची आत न्यायची हाय," तात्यासाहेब म्हणाले. स्टुलावर बसून तिनं आठवा अर्ज टाइप केला:

'सबब विनंती की, अर्जदारास वर्षातील अकरा महिने खंडावर ठेवून केवळ एक दिवस सेवेत घ्यावे. अर्जदार दररोज दहा ते पाच काम करील. वेतन आहे तसेच ठेवून खुर्ची, बशी व अहो-जाहो नियमित करण्याचे आदेश व्हावेत.'