मोज्यातली काडी

खरे बोलणे हा धर्म, याविषयी कोणाचे दुमत नसावे. परंतु तेच खरे मत्सराने बोलले गेले आणि त्यातून भलेच निष्पन्न झाले, तर त्या भल्याचे श्रेय बोलणाऱ्याने घ्यावे की न घ्यावे? वरवर दिसतो तितका हा प्रश्न सोपा नाही. बोस्टनजवळच्या फॉल रिव्हर गावातल्या ओडीलियापुढे तो फेब्रुवारीतल्या एका दुपारी उभा राहिला, साओ मिगेल या आपल्या जन्माच्या बेटावरून बोस्टनला परतताना.

ओडीलियाने तीस वर्षे पडद्यांच्या कारखान्यात कापड बेतले होते. तिची सहचरी नतेर्सिया केस कापण्याचे दुकान चालवी, आणि कात्रीपेक्षा तिची जीभ अधिक चाले. सव्वीस वर्षे दोघींचा संसार एका छपराखाली चालला होता. नगरपालिकेत लग्न लागूनही नऊ वर्षे लोटली होती. तरी जन्मभूमीहून परतताना दर खेपेस विमानात कस्टम्सचे फॉर्म त्यांना दोन भरावे लागत. शेजारच्या खुर्चीतले नवरा-बायको एकच कागद भरीत, एकत्र खिडकीपुढे उभे राहत. या दोघी मात्र अनोळखी प्रवाशांसारख्या एकामागे एक. त्या वर्षी नियम बदलला. एका घरात संसार करणाऱ्या दोघी बायकांनाही आता एकच कागद पुरणार होता. नतेर्सियाने ही वार्ता महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या ओल्या डोक्यावर ओतली होती.

म्हणूनच हवाईसुंदरी फॉर्म वाटीत आली आणि ओडीलिया "दोन द्या" म्हणाली, तेव्हा नतेर्सिया ताडकन वळली.

"दोन कशाला? एकच द्या हो बाई! आम्ही एका घरच्या आहोत."

"हळू बोल. सगळ्या विमानाला ऐकू गेलं."

"जाऊ दे की! सव्वीस वर्षं नाही गेलं ते. आणि तूच लिही गं, माझा चष्मा वरच्या बॅगेत राहिला. तसंही माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

ओडीलियाने कागद घेतला. दोन कागद मागण्यामागचे कारण तिच्या उरात सकाळपासून सलत होते.

सकाळी नतेर्सियाच्या निळ्या बॅगेत टेबलावरचे भरतकामाचे कापड ठेवताना तिच्या हाताला एक ओलसर मोजा लागला होता. करड्या लोकरीचा, तिने स्वतः विणलेला. आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली अंजिराची काडी होती, बोटभर जाड, तीन डोळ्यांची. आदल्या दिवशी नतेर्सिया झुल्मीराकडे "नुसती कॉफी प्यायला" गेली होती. झुल्मीरा म्हणजे तीच, जिच्यासोबत एकोणीस वर्षांची नतेर्सिया झुल्मीराच्याच परसातल्या अंजिराखाली, काळ्या दगडांच्या कुंपणावर संध्याकाळी बसत असे. आता ती विधवा होती, चार नातवंडांची आजी होती. पण चर्चच्या जत्रेत ती हसली तेव्हा नतेर्सियाने ज्या वेगाने मान वळवली, तो वेग ओडीलियाच्या नजरेतून सुटला नव्हता.

मोजा तिने होता तसा ठेवला आणि वाट पाहिली. न्याहारीला सांगेल. टॅक्सीत सांगेल. विमान सुटण्यापूर्वी तरी सांगेल. नतेर्सियाने हवापाण्यापासून पायलटच्या मिशांपर्यंत सारे काही सांगितले, एवढे सोडून.

काडीचे पुढे काय होणार, हे ओडीलियाला पुरते ठाऊक होते. फॉल रिव्हरच्या थंडीत अंजीर आपले आपण जगत नाही. त्याला नोव्हेंबरात जुन्या गोधड्या गुंडाळाव्या लागतात, सुतळीने आवळाव्या लागतात, पाणी आत शिरू नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालावी लागते. आणि त्यांच्या अंगणात आधीच असलेल्या अंजिरासाठी हे काम ओडीलियाच करी. म्हणजे उरलेले आयुष्य आता झुल्मीराच्या झाडाला पांघरुणे घालण्यात जायचे!

"सोबत प्रवास करणारी कुटुंबातली माणसं," तिने वाचले, आणि एकाचा आकडा लिहिला.

"जरा ठळक काढ ना तो एक," नतेर्सिया तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "मी काय इतकी बारीक आहे?"

ओडीलिया हसली नाही. पुढचा प्रश्न तिने सावकाश, नतेर्सियाच्या चेहऱ्याकडे पाहत वाचला. "फळं, भाज्या, झाडंझुडपं, बिया, खाण्याचं काही?"

"छे गं! मागल्या खेपेला माझं सॉसेज त्यांनी काढून घेतलं, तेव्हा तू शपथ घातलीस ना? काही नाही. 'नाही'वर फुली मार."

"नक्की?"

"अगदी देवाशपथ."

"देवाला कशाला मधे घालतेस," ओडीलिया म्हणाली, आणि तिने 'हो'वर फुली मारली. खाली सही केली. दोघींच्या वतीने एकच सही चालत होती. कागदाची घडी घालताना तिच्या मनात एक गार, गोड समाधान पसरले. ते काडी काढून घेतील, भट्टीत जाळतील. आणि आपण तर केवळ खरे लिहिले. बोट ठेवायला जागा नाही.

मत्सराला सत्याचे वस्त्र किती चपखल बसते!

बोस्टनला खिडकीमागे एक जाडजूड अधिकारी बसला होता. नाकाच्या ठेवणीवरून तोही बेटांवरच्याच कुणाचा तरी नातू असावा.

"दोघी एकत्र?"

"एकत्र!" नतेर्सिया इतक्या उत्साहाने म्हणाली की तो दचकला. कागद वाचून त्याने भुवया उंचावल्या.

"झाड आहे म्हणता. काय आणलंय?"

नतेर्सियाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "नाही हो साहेब, काही नाही. हिनं चुकून—"

"कुणाच्या सामानात आहे?" त्याचा सूर बदलला.

हाच क्षण ओडीलियाने समुद्रावरून येताना शंभरदा चाखून पाहिला होता. 'हिच्या' एवढे म्हटले की काम संपले असते, आणि तेही अक्षरशः खरे होते. परंतु नतेर्सियाने तिची बाही घट्ट धरली होती.

"आमच्या," ओडीलिया म्हणाली. "अंजिराची काडी आहे. निळ्या बॅगेत, करड्या मोज्यात."

अधिकाऱ्याने लांब श्वास सोडला. "मोज्यात! सेन्होरा, या विमानातल्या निम्म्या मोज्यांना वसंतात पानं फुटतात. माझी आजी कोटाच्या अस्तरात शिवून आणायची. लिहिलंत म्हणून बरं झालं. 'नाही' लिहून सापडली असती, तर दंड झाला असता. काडी मात्र मला ठेवून घ्यावी लागेल." पुढच्या टेबलावर बॅग उघडली गेली, काडी एका पिशवीत बंद झाली, आणि ओला मोजा ओडीलियाच्या हाती परत आला.

बाहेर आल्यावर नतेर्सिया पहिल्याच बाकावर बसली. तिचे डोळे भरून आले होते.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तुझ्या तोंडावर खोटं बोलले, आणि तू मला वाचवायला 'हो' लिहिलंस. माझी काय गं लायकी?" तिने ओडीलियाचा हात उचलून गालाला लावला.

ते श्रेय असे आयते समोर आले होते. ओडीलियाने नुसते गप्प राहायचे, की ते जन्मभर तिचे. तिने मोज्याकडे पाहिले.

"वाचवायला नाही लिहिलं."

"मग?"

"जळावी म्हणून लिहिलं. त्यांनी ती भट्टीत टाकावी म्हणून. झुल्मीराचं झाड मला आपल्या अंगणात नको होतं."

नतेर्सियाने तिचा हात गालावरून काढून बाकावर ठेवला.

"लपवलीस का?" ओडीलियाने विचारले.

"तुझ्या तोंडाला भिऊन. झुल्मीराचं नाव निघालं की तू कात्रीसारखी दिसतेस. घरातली नव्हे, तुमच्या कारखान्यातली मोठी."

"अजून आहे ती तुझ्या मनात?"

"आहे," नतेर्सियाने डोळे पुसत, पण न चाचरता सांगितले. "थोडी आहे. खोटं एकदा बोलून झालंय आज. पण तासभर मी तिला काय सांगत होते, ठाऊक आहे? तुझ्या गोधड्या, तुझी सुतळी, तुझी ती बादली. वैतागून तिनं काडी तोडून हातात दिली. म्हणाली, एवढी हुशार आहे तुझी बाई, तर हीही जगवून दाखवू दे तिला."

ओडीलियाला हसू आले आणि रागही आला. दोन्ही एकदमच आले.

"थोडी म्हणजे किती?"

नतेर्सियाने तिच्या हातातला मोजा घेतला, पिळला, आणि कोटाच्या खिशात घातला.

"एवढ्यात मावेल इतकी."

मत्सर एका दुपारीत विरत नाही. ओडीलियाचाही विरला नाही. परंतु बस आली तेव्हा दोन्ही जड बॅगा तिने उचलल्या आणि नतेर्सियाला खिडकीची जागा दिली. त्यांच्या अंगणातले अंजीर गोधड्यांत सुखाने निजलेले असो. सागरापलीकडच्या त्या जुन्या झाडालाही पालवी फुटो. आणि एका कागदावर आलेल्या त्या दोघींना एकमेकींपासून लपवावे असे काही उरू नये, उरलेच तर ते मोज्याहून मोठे नसो.