कच्चे टाके

मास्तरांनी शिवलेल्या कपड्यावर कच्च्या टाक्याची खूण राहिली, असं कधी घडलं नव्हतं. कच्चा टाका वेळीच उसवायचा, नाहीतर दोरा कापडात भोकं पाडून बसतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

धाकट्या लेकीच्या गालावर टाके पडले ते कपाटाचा कोपरा लागून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडी सूज येईल, घाबरू नका. पुढे खूण शोधूनही सापडायची नाही." दारात नर्स म्हणाली, "सूज फार वाढली तर लगेच आणा हं." थोडी म्हणजे किती आणि फार म्हणजे किती, हे कुणीच सांगितलं नाही. कापडाचं बरं असतं, टेप लावली की कळतं.

दोन दिवसांत गाल लाल झाला, गरम लागायला लागला, टाक्यांभोवती फुगला.

"अहो, येईल म्हणाल्या होत्या ना त्या!" बायको म्हणाली.

"थोडी म्हणाल्या. ही थोडी आहे?"

बायकोने निरखून पाहिलं, आणि तिचाही गोंधळ उडाला.

मास्तरांना दिसत होता फक्त रुतणारा दोरा. पोरीच्या तोंडावर जन्माची शिवण उमटणार! दुपारी बायकोचा डोळा लागला, तशी त्यांनी छोटी कात्री उकळून घेतली आणि एकेक टाका असा अलगद उसवला की पोरीने हूं की चूं केलं नाही. मास्तर खुशीत होते. संध्याकाळी धाकटी कशाला तरी खळखळून हसली आणि जखम उघडली.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, ती सूज म्हणजे शरीर कामाला लागलं होतं. आधी घाण काढायची, मग नवं मांस विणायचं. टाके तोवर कडा धरून होते."

"म्हणजे सूज चांगली?"

"चांगलीच. पण रेंगाळली तर व्रण जाड होतो. आणि उघडी जखम भरताना ती रेंगाळते."

चांगली तीच, वाईटही तीच. मास्तरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. खूण राहणार, एवढंच कळलं.

घरी जाताना धाकटीने विचारलं, "बाबा, कपाटाची खूण जाणार होती ना?"

"हो."

"मग राहणार ती कात्रीची. पण शाळेत कुणी विचारलं ना, तरी मी कपाटच सांगेन," ती म्हणाली आणि तिने त्यांचं बोट घट्ट धरलं.