साखर कुणाची?

आमचे हे, काकासाहेब, शाळेत मराठी शिकवायचे आणि दौलताबादचे खाजामियाँ त्याच शाळेत उर्दू. एकाला ठेच लागली तर दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी, अशी दोस्ती. पण एखादा शब्द कुठून आला हे निघालं की दोघांचे कोंबडे व्हायचे!

थोरलीच्या साखरपुड्यात साखरेवरनंच जुंपली. हे म्हणाले, "साखर आमची. संस्कृतातली शर्करा." खाजामियाँ म्हणाले, "अहो, फारसीत शकर, अरबीत सुक्कर, इंग्रज शुगर म्हणतो. आमच्याकडूनच गेली सगळीकडं, तुमच्याकडं बी." पाव्हण्यांसमोर आवाज चढले. हे रागात बोलून गेले, "चोरलेल्या मालावर कसली ऐट!" झालं. खाजामियाँनी हातातला पुडा खाली ठेवला आणि उठून गेले, ते पुन्हा आमच्या दारात आले नाहीत.

साखरेपायी माणूस तोडावं? मी लई डोकं आपटलं. "जा, माफी मागा." तर हे म्हणायचे, "मी खरंच बोललो. येईल तोच." सुंभ जळला तरी पीळ जळत नाय, त्यातले हे!

यंदा धाकटीचा, राजनंदिनीचा साखरपुडा झाला. साखरेचा पहिला पुडा जिवलग माणसाच्या घरी पोचवायचा, ही आमच्या घरची रीत. मी पुडा ह्यांच्या हातात दिला नि म्हटलं, "आता सांगा, कुणाकडं न्यायचा?" हे उठले. मग चप्पल शोधायला लागले.

दौलताबादला खाजामियाँ अंगणात खाटेवर बसले होते. ह्यांच्याकडं बघून हसले, पण अनोळखी पाव्हण्याला हसावं तसं. त्यांच्या बायकोनं, भाभींनी, आम्हाला दारातच थांबवलं.

"ओळखत नाहीत कुणाला," त्या हळू म्हणाल्या. "साल झालं. आता तर चीजांची नावं पण गेली."

भाभी पुढं म्हणाल्या, "ते साखरेचं त्यांनी तवाच किताबात बघितलं होतं. बोलले, काकासाहेब बरोबर आहे, लफ्ज इथूनच तिकडं गेला. येऊ दे त्याला, त्याच्या तोंडात शकर घालून हार मानतो. रोज वाट बघायचे, भाई."

असा संताप आला मला दोघांचा! जन्मभर शब्द शिकवले, आणि एकमेकांशी दोन शब्द बोलवले नाहीत मेल्यांना. रडू पण आलं.

हे खाटेजवळ गेले. पुडा सोडला आणि चिमूटभर साखर खाजामियाँच्या तोंडात घातली. त्यांचा चेहरा लेकरासारखा खुलला.

"वा!" ते म्हणाले. "क्या चीज है ये?"

ह्यांनी आणखी एक चिमूट भरवली.

"शकर, मियाँ," हे म्हणाले. "शकर. तुमचीच."