मागच्या दाराची कडी

नाटक मंडळीत तिला सगळेच आत्या म्हणत. प्रयोग चालू असताना विंगेत स्टुलावर बसायचं आणि बोलता बोलता कुणाचं घोडं अडलं की पुढचा शब्द हळूच पुरवायचा, हे तिचं काम. तिने आजवर एकाही नटाला तोंडघशी पडू दिलं नव्हतं. नायकाचं काम करणाऱ्या तिच्या थोरल्या भावाला मात्र तिची कधी गरज पडली नव्हती, आणि हे दादा येता-जाता ऐकवायचाही.

नाटक रडवणारं होतं. मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी बापाच्या दारी येते, दादाने रंगवलेला बाप म्हणतो, "तुझं नशीब तुझ्याबरोबर, जा!" आणि शेवटच्या अंकात ती नदीत जीव देते. नियतीपुढे बापाचं तरी काय चालणार, असं म्हणत लोक नाक पुसत बाहेर पडायचे. जणू दाराला कडी नियतीनेच घातली होती! आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. दादाने घरी पोटच्या पोरीशी हेच केलं होतं, टाळ्या तेवढ्या पडल्या नव्हत्या.

त्या दुपारी मध्यंतरात ती रंगपटात शिरली. दादा मिशी चिकटवत होता.

"दादा, पोरगी आलीय. मागच्या दाराशी थांबलीय. नवऱ्याबरोबर कायमची परदेशी चाललीय, संध्याकाळची गाडी आहे. आत घेऊ?"

मिशीवरचा हात थांबला. "नशिबात असेल तर होईल भेट."

"नशीब काय तुझा गडी आहे, दार उघडायला?"

"घंटा झाली," म्हणत दादा उठला.

दाराचा प्रसंग आला. मुलीचं काम करणारी नटी उंबऱ्यावर उभी राहिली. "बाबा, आत येऊ?"

दादाने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. विसरला की जीभ वळेना, देव जाणे. त्याने विंगेकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

रोजचं वाक्य आत्याच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. भर प्रयोगात नटाला उघडं पाडायचं, तेही सख्ख्या भावाला! पण तिला त्याची फार कीव आली होती, आणि ते वाक्य पुन्हा त्याच्या तोंडी घालायला ती तयार नव्हती.

प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली. बिचाऱ्या नटीने पुन्हा विचारलं, "बाबा, आत येऊ?"

"ये," दादा म्हणाला. "ये गं. बाहेर का उभी?"

नटी गोंधळून आत आली. आता नदीत जीव कोण देणार? मॅनेजरने कपाळावर हात मारून पडदा पाडायला लावला.

दादा तरातरा विंगेत आला. "शब्द का दिला नाहीस?"

"तुझ्या नशिबात नव्हता."

त्याला चिडायचं होतं, पण जमलं नाही. अर्धी मिशी ओठावर लोंबत होती. त्याने चाचरत विचारलं, "गेली असेल का गं?"

"नाही. पण ते दार बाहेरून उघडत नाही, दादा."

तो बोळातून जवळजवळ धावतच गेला. नाटकातली कडी बोट लावलं की सरकायची. ही मात्र गंजून घट्ट बसली होती. दादाने दोन्ही हात लावले.